गुन्हा मोठा, आरोपी लहान : जामिनाच्या एका वाक्याचा शंभर वर्षांचा प्रवास

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

अल्पवयीन पोराच्या हातून मोठा गुन्हा झाल्याची बातमी आली की खाली पहिली कमेंट ठरलेली असते : "एवढं होऊनही जामीन मिळालाच कसा?" आणि लहान मुलीवर अत्याचार करणारा माणूस जामिनावर बाहेर आला की दुसरी : "आता न्याय कुठे मागायचा?" राग दोन्हीकडे खरा आहे. आपण नगर जिल्ह्यातले लोक, कोपर्डी विसरलेलो नाही. १३ जुलै २०१६ ला कर्जत तालुक्यात पंधरा वर्षांच्या मुलीबरोबर जे झालं, त्यानंतर सगळा महाराष्ट्र रस्त्यावर आला. सोळा महिन्यांत, नोव्हेंबर २०१७ मध्ये, नगरच्या विशेष न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली.

पण या दोन कमेंटमध्ये दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. आरोपी मूल असेल तर कोर्ट जामिनाच्या वेळी एक प्रश्न विचारतं. बळी मूल असेल तर वेगळा. आणि "गुन्हा केला का?" हा प्रश्न दोन्हीकडे त्या दिवशी निकाली निघतच नाही, त्यासाठी खटला असतो. हे सगळं कसं ठरत गेलं याचा इतिहास माहीत असला तर पुढच्या वेळी आपला राग नेमक्या जागी पोचेल. म्हणून हा खटाटोप.

डोंगरीचा तुरुंग

१८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर १०१ दिवस मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात होते, हे आपण शाळेत शिकलो. त्याच डोंगरी-उमरखाडीच्या जुन्या तुरुंगाच्या जागेत पुढे मुलांचं रिमांड होम आलं. मोठ्यांसाठी बांधलेल्या भिंती लहानांच्या वाट्याला आल्या. मुलांच्या कायद्याचं जवळपास असंच झालंय. मोठ्यांचा कायदा आधी होता, त्यातून मुलांसाठी जागा हळूहळू काढावी लागली.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत एवढंच होतं की सात वर्षांखालच्या मुलाचा गुन्हा धरायचा नाही, आणि सात ते बारामधल्या मुलाला समज होती का ते पाहायचं. बाराच्या पुढे सगळे सारखे. जामिनाचं म्हणाल तर १८९८ च्या फौजदारी संहितेचं ४९७ वं कलम : फाशी किंवा काळ्या पाण्याच्या शिक्षेचा गुन्हा केल्याचं सकृद्दर्शनी दिसत असेल, तर जामीन नाही. त्यालाच अपवाद जोडलेला : सोळा वर्षांखालचा, स्त्री, आजारी किंवा दुबळा माणूस असेल तर कोर्ट सोडू शकतं. "शकतं" या शब्दावर लक्ष ठेवा. सोडलंच पाहिजे असं नाही, मर्जी कोर्टाची. हा अपवाद आजही मोठ्यांच्या कायद्यात आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४८० व्या कलमात "सोळा वर्षांखालील" ऐवजी "बालक" आलं, इतकाच फरक.

विलायतेचं वाक्य

मुलांचा वेगळा कायदा इंग्लंडमध्ये १९०८ साली झाला. त्यात पकडलेल्या मुलाला सोडण्याबद्दल एक वाक्य होतं. त्याचा आशय असा : पोलीस अधिकाऱ्याने मुलाला हमीवर सोडावं. मात्र खून किंवा तसाच भयंकर गुन्हा असेल, किंवा त्याला गुन्हेगारांच्या संगतीतून बाजूला काढणं त्याच्याच हिताचं असेल, किंवा सोडल्याने न्यायाचं काम फसणार असेल, तर सोडू नये.

म्हणजे तीन अपवाद. त्यातला पहिला गुन्ह्याच्या गंभीरपणाचा.

आपल्याकडे १९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांना मोठ्यांच्या तुरुंगातून बाहेर काढा म्हणून सांगितलं. मग प्रांतांनी कायदे केले : मद्रास १९२०, बंगाल १९२२, मुंबई १९२४. मुंबईत १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताने १९४८ चा नवा कायदा आणला. पण राज्याराज्यात वेगळं वय, वेगळी पद्धत, असं बरीच वर्षं चाललं.

खरा बदल झाला १९६० मध्ये. केंद्राने केंद्रशासित प्रदेशांसाठी बालक कायदा केला. त्याच्या १८ व्या कलमात ते वाक्य पुन्हा आलं, पण दोन मोठे फेरफार होऊन. एक, गुन्हा जामीनपात्र असो की अजामीनपात्र, मुलाला सोडायचंच. इथे "शकतं" गेलं आणि "सोडावं" आलं. दोन, तीन अपवाद राहिले, पण त्यांतून खून आणि भयंकर गुन्हा बाहेर पडला. त्याच्या जागी आलं : सुटका झाल्यास मूल नामचीन गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतू फसेल, असं मानायला सबळ कारण असेल तर सोडू नये.

विलायतेच्या कायद्यात होता तो गंभीर गुन्ह्याचा अपवाद आपल्या संसदेने ठेवला नाही. हेच वाक्य १९८६ च्या बाल न्याय कायद्यात आलं, २००० च्या कायद्यात आलं (तेव्हा नैतिक धोक्याला शारीरिक आणि मानसिक धोका जोडला), आणि २०१५ च्या कायद्यात १२ वं कलम म्हणून आज लागू आहे. गुन्हा किती मोठा, हा प्रश्न त्यात नाही. या पोराला आज घरी पाठवलं तर त्याचं काय होईल, आणि खटल्याचं काय होईल, एवढाच प्रश्न आहे.

एका पत्रकार बाईचा अर्ज

कागदावरचा कायदा एक आणि तुरुंगातली परिस्थिती दुसरी. १९८० च्या दशकात शीला बारसे या मुंबईच्या पत्रकार. आधी त्यांनी मुंबईच्या पोलीस कोठड्यांतल्या बायकांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. मग देशभरच्या तुरुंगांत अडकलेल्या सोळा वर्षांखालच्या मुलांचा. १९८६ मध्ये न्यायालयाने सांगितलं की मुलांना तुरुंगात ठेवू नका, आणि रिमांड होममध्ये जागा नसेल तर तुरुंगाऐवजी जामिनावर सोडा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर तपासाला तीन महिन्यांची मुदत घातली. साऱ्या देशाला एकच कायदा हवा, हेही म्हटलं. त्याच वर्षी बाल न्याय कायदा झाला आणि राज्यांचे जुने कायदे गेले.

तालुक्याच्या गावात पत्रकारिता करणाऱ्या आमच्यासारख्यांना हे नाव पाठ असायला हवं. बातमी छापून थांबायचं नसतं, हे त्या बाईंनी दाखवलं.

निर्भया आणि सोळा ते अठरा

१९८६ च्या कायद्यात मुलगा सोळापर्यंत मूल आणि मुलगी अठरापर्यंत. २००० च्या कायद्याने दोघांनाही अठरा केलं. मग १६ डिसेंबर २०१२ ला दिल्लीची घटना झाली. सहा आरोपींतला एक सतरा वर्षांचा. त्याला कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृह. डिसेंबर २०१५ मध्ये तो सुटला आणि त्याच आठवड्यात राज्यसभेत नवा कायदा मंजूर झाला. १५ जानेवारी २०१६ पासून तो लागू आहे.

या कायद्याने सोळा ते अठराच्या मुलांसाठी एक दार उघडलं. गुन्हा "निर्घृण" असेल, म्हणजे किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त असेल, तर बाल न्याय मंडळ मुलाची समज आणि परिस्थिती तपासतं, आणि त्याच्यावर मोठ्यासारखा खटला चालवायला प्रकरण बालन्यायालयाकडे पाठवू शकतं.

पण जामिनाच्या १२ व्या कलमाला संसदेने सोळा ते अठराचा अपवाद जोडला नाही. २०१५ मध्ये देश एवढा तापलेला असतानाही नाही. म्हणजे खटला मोठ्यासारखा चालवायचा का, हा प्रश्न वेगळा आणि जामीन वेगळा. टपरीवरच्या चर्चेत या दोन गोष्टींची नेहमी मिसळ होते.

कल्याणीनगर, १९ मे २०२४

आता पुण्याकडे येऊ. रविवारची पहाट, अडीचच्या सुमारास. सतरा वर्षांचा मुलगा, बिनानंबरची पोर्शे, आणि मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते जागच्या जागी गेले. त्याच दिवशी जामीन. अटींमध्ये अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

काय चुकलं हे नीट पाहू. सुटीच्या दिवशी मंडळाच्या एकट्या सदस्यापुढे मुलाला हजर करता येतं, कायद्यात ती सोय आहे. जामीन देणं हाही १२ व्या कलमाचा नियम आहे. पण त्या कलमाचे तीन प्रश्न आहेत ना? पोराची संगत काय, त्याला घरात धोका काय, आणि सोडल्यावर पुरावा सुरक्षित राहील का? त्यांचा कस लागायला हवा होता. ससूनमध्ये त्याच दिवशी रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप पुढे आला, डॉक्टर आणि पालक अटकेत गेले. न्यायाचा हेतू फसण्याची भीती होती ती आजूबाजूच्या मोठ्या माणसांमुळे. लोक हसले निबंधाला. तपासायची गोष्ट ही होती.

मग लोकांचा उद्रेक झाला. २२ मे रोजी मंडळाने त्याच मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं, पण आधीचा जामीन रद्द न करता. मुदत दोनदा वाढली. मुलाच्या आत्याने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आणि २५ जून २०२४ ला न्यायमूर्ती भारती डांगरे आणि न्यायमूर्ती मंजुषा देशपांडे यांनी त्याला सोडायला सांगितलं. कारण सरळ होतं : जामीन कायम असताना माणसाला डांबून ठेवता येत नाही. अपघात भीषण आहे, लोकांचा क्षोभ समजण्यासारखा आहे, पण न्यायालय कायद्याला बांधील आहे आणि हा मुलगा कायद्याच्या नजरेत मूलच आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

पोलिसांनी त्याला मोठा समजून खटला चालवा असा अर्जही केला होता. जुलै २०२५ मध्ये मंडळाने तो फेटाळला. इथे एक बारीक मुद्दा आहे. अपघाताच्या वेळी लागू असलेल्या दंड संहितेत सदोष मनुष्यवधाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती, पण किमान शिक्षा सांगितलेली नव्हती. आणि किमान सात वर्षं नसतील तर गुन्हा "निर्घृण" या वर्गात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्येच ठरवलं होतं. पुढच्या वर्षी संसदेने कायद्यात तशी दुरुस्तीही केली.

त्याच उन्हाळ्यात दुसरा एक मुलगा

पुण्याच्या प्रकरणाने सगळ्यांचं लक्ष खेचलं तेव्हा राजस्थानात एक अल्पवयीन मुलगा कोठडीत होता. आरोप पोक्सोचा, म्हणजे समोरची बळीही लहानच. मंडळाने जामीन नाकारला, वरच्या कोर्टाने नाकारला, उच्च न्यायालयानेही नाकारला. जवळजवळ वर्ष गेलं. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्यापुढे प्रकरण आलं. त्यांनी आधीचे सगळे आदेश चाळले. तीन अपवादांपैकी कोणता लागू होतो, हे एकाही आदेशात लिहिलेलं नव्हतं. मुलाला जामीनदाराविना सोडा आणि परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवा, असा हुकूम झाला.

एका पोराला पंधरा तासांत जे मिळालं ते दुसऱ्याला वर्षभराने, दिल्लीपर्यंत जाऊन मिळालं. कायदा एकच, कलमही एकच. पुण्याच्या जामिनावर आपण सगळे बोललो. राजस्थानच्या त्या पोराच्या वर्षावर कोण बोललं?

हेच माझं म्हणणं आहे. १२ व्या कलमाचा खरा घोटाळा "मुलांना जामीन मिळतो" हा नाही. ज्याच्यामागे कोणी उभं आहे त्याला तो मिळतो आणि ज्याच्यामागे कोणी नाही त्याचा राहतो, हा आहे. आणि बऱ्याचदा "न्यायाचा हेतू" या शब्दांच्या आडून गुन्ह्याचा गंभीरपणा मागच्या दाराने आत येतो. १९६० ला काढून टाकलेला अपवाद असा परत येतो.

आपल्या तालुक्यात हे कसं दिसतं

बाल न्याय मंडळ जिल्ह्याच्या ठिकाणी बसतं. शेंडी-भंडारदऱ्याकडच्या किंवा कुमशेतसारख्या गावातून नगर म्हणजे शंभर किलोमीटरहून जास्त. आईबाप मजुरीला नारायणगाव-ओतूरकडे. पोरगं पकडलं गेलं हे कळायला दिवस, गाडीभाड्याची सोय करायला दिवस, आणि जामीनदार द्यायचा तर सातबारा कोणाच्या नावावर? आजोबाच्या नाहीतर सामाईक. वन हक्काच्या पट्ट्यावर कोणी जामीन घेतो का, हा वेगळाच विषय.

म्हणून कायद्यातल्या या गोष्टी लक्षात ठेवा. गावातल्या सरपंच, पोलीस पाटील, आशाताई, मास्तर, सगळ्यांनी.

१. अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांत मंडळापुढे न्यावं लागतं (प्रवासाचा वेळ सोडून). हातात बेडी घालता येत नाही.

२. पालकांना आणि परिविक्षा अधिकाऱ्याला कळवणं पोलिसांचं काम आहे. दोन आठवड्यांत मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल यायला हवा.

३. जामीन जामीनदाराविनाही मिळतो. कलमातच तसं लिहिलंय.

४. जामीन मंजूर झाला पण सात दिवसांत अट पुरी करता आली नाही, तर मुलाला पुन्हा मंडळापुढे आणून अट बदलून घ्यायची, अशी २०१५ पासून तरतूद आहे. ही फार कमी लोकांना माहीत आहे.

५. जामीन नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं. ते कारण तीन अपवादांपैकीच हवं.

६. मुलं, बाया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. अकोले कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. फोन १५१००. मुलांची मदतवाहिनी १०९८.

आणि मूल बळी असेल तेव्हा?

इथे प्रश्न बदलतो. आरोपी सज्ञान असेल तर १२ वं कलम त्याच्यासाठी नाही. तिथे मोठ्यांचा कायदा चालतो आणि गुन्ह्याचा गंभीरपणा पहिल्याच ओळीत येतो. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अठराखालच्या प्रत्येक मुलामुलीला संरक्षण दिलं आणि काही मोठ्या गुन्ह्यांत आरोपीनेच निर्दोषत्व सिद्ध करावं, असं गृहीतक घातलं. २०१८ मध्ये कठुआ आणि उन्नावच्या घटनांनंतर कायदा आणखी कडक झाला. सोळा वर्षांखालच्या मुलीवरील बलात्काराच्या गुन्ह्यात अटकपूर्व जामीन बंद. नियमित जामिनाच्या सुनावणीला फिर्यादी किंवा तिच्या वतीने कोणी हजर असणं सक्तीचं. एप्रिल २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोक्सोच्या जामीन अर्जांत पीडितेच्या कुटुंबाला नोटीस मिळालीच पाहिजे म्हणून तपशीलवार निर्देश दिले.

ही सुनावणी का महत्त्वाची? कारण आरोपी बहुतेक वेळा ओळखीतला असतो. त्याच वाडीतला, त्याच पाण्याच्या टाकीवरचा. २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशा जामिनात काय पाहावं याची यादीच दिली : मुलीचं वय, दोघांच्या वयातलं अंतर, नातं, मारहाण-धमकी झाली का, आणि सुटल्यावर तो तिच्यापर्यंत पोचू शकतो का. ही शेवटची गोष्ट कोर्टाला कोण सांगणार? सरकारी वकील मुंबई-नगरचे. वाडीतलं घर कुठं आणि विहीर कुठं, हे तिच्या आईलाच माहीत. ती कोर्टात उभी राहिली नाही तर ही माहिती फायलीत येतच नाही. बालकल्याण समितीकडून सहायक व्यक्ती मिळते, जामीन अर्जाची खबर मिळणं हा हक्क आहे. तो मागा.

याच कायद्यात आपल्याकडे आणखी एक प्रकार येतो. मुलगी सतरा, मुलगा एकोणीस, दोघं पळून गेले, बापाने फिर्याद दिली. कागदावर गुन्हा तोच, अजामीनपात्र. अशा वेळी उच्च न्यायालयांनी दोघांचं वय आणि मुलीचा जबाब पाहून अनेकदा जामीन दिलाय. आणि मुलगाही सतराचा असेल तर त्याला पुन्हा १२ वं कलमच लागतं. एकाच कायद्यात वाघही आहे आणि शेळीही. कोर्टाला ते वेगळं काढावं लागतं, म्हणून प्रत्येक जामिनावर एकच शिक्का मारता येत नाही.

शेवटी

पुढच्या वेळी अशी बातमी आली की तीन प्रश्न विचारू. आरोपी मूल असेल तर : त्या तीन अपवादांवर आदेशात काय लिहिलंय? बळी मूल असेल तर : तिला किंवा तिच्या घरच्यांना ऐकलं का? आणि दोन्हीकडे : खटला वेळेत सुरू झाला का? पोक्सोत शक्यतो वर्षाच्या आत निकाल हवा, असं कायदाच म्हणतो. जामिनावरचा आपला अर्धा राग खटला रेंगाळण्यावरचा असतो. तिथे दाब टाकला तर उपयोग होईल.

आणि एक हात जोडून विनंती. आरोपी मुलाचा असो की बळी मुलीचा, फोटो, नाव, शाळा, आईबापाचं नाव, वाडीचं नाव ग्रुपवर टाकू नका. बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमात त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. पोस्ट दोन दिवसांनी खाली जाते. त्या पोराला नाहीतर पोरीला मात्र त्याच गावात मोठं व्हायचं असतं.

कोणाला वकील मिळत नसेल, तारीख कळत नसेल, तर खाली नाव लिहू नका. इनबॉक्समध्ये सांगा.